आहे तसंच दिसलं पाहिजे

माझ्या मामाला कुणाच्या घरी न्यायचं म्हणजे आधी घरच्यांची माफी मागून ठेवावी लागते. पाण्याचा पेला समोर येण्याआधीच त्याचा उजवा हात टेबलाखाली गेलेला असतो. वरून कोणीही गुळगुळीत करतं, खालून केलंय का ते बघायचं, असं त्याचं म्हणणं. एकदा एका हॉटेलात त्याच्या बोटांना कुणीतरी चघळून चिकटवलेलं च्युइंगगम लागलं. आता तरी हा कानाला खडा लावेल असं मला वाटलं. त्यानं रुमालाला बोटं पुसली आणि दुसऱ्या टोकाकडून चाचपायला सुरुवात केली.

मामा पॉलिशवाला. लाख, तेल, व्हार्निश, लाकडाला जे काही लावायचं ते लावणारा. फर्निचरच्या बाजारात त्याला नावानं कुणी ओळखत नाही. सगळे ‘आरसा’ म्हणतात, कारण एके काळी त्यानं चकाकवलेल्या कपाटात बघून माणसं भांग पाडायची. लग्न केलं नाही. आईनं विषय काढला की म्हणायचा, “स्पिरिटच्या वासात कोण नांदेल?” वास खराच होता. पण बाहेर पडताना अंगात पांढराशुभ्र शर्ट, का तर आपल्या कामाचा एक थेंबही आपल्या अंगावर नसतो हे जगाला दिसावं. एवढा नखरा मी एखाद्या नवरदेवातही पाहिला नाही.

माझे बाबा सुतार होते. दोघं तरुणपणापासून एकाच पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचे. बाबा घडवायचे, मामा पॉलिश करायचा. आधी मित्र होते, मग बाबांनी त्याच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं आणि मेहुणे झाले. त्यामुळे मामा त्यांना चारचौघांत ‘दाजी’ म्हणायचा, अहोजाहो करायचा, आणि भांडण लागलं की तिसऱ्या वाक्याला ‘तू’वर यायचा.

बाबा बोलण्याच्या बाबतीत कंजूष. पॉलिश कसं हवं ते ते तोंडानं सांगायचेच नाहीत. वस्तूच्या पोटावर, म्हणजे टेबलाच्या नाहीतर कपाटाच्या खालच्या बाजूला, सुतारी पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. ‘दोन हात बस.’ ‘डावी कड सांभाळ.’ ‘घाई नको, लाकूड अजून ओलं आहे.’ मामाही काम नेहमी पोटापासूनच सुरू करायचा. वस्तू उलटी करायची, लिहिलेलं वाचायचं आणि काचकागदानं घासून टाकायचं. अक्षरं पुसली गेली की निरोप पोचला. तीस वर्षं त्यांचं असं चाललं. मला वाटायचं, यांना लिहायला-वाचायला येत नसतं तर यांनी काय केलं असतं कुणास ठाऊक.

मग जमाना बदलला. लोकांना चकाकी नकोशी झाली. जो तो म्हणायला लागला, लाकूड आहे तसंच दिसलं पाहिजे. हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण, त्यातून लाकूड फिकट असलं तर विचारूच नका. कोऱ्या फळीवर ओलं फडकं फिरवून बघा, रंग लगेच गडद होतो. तेलाचं व्हार्निश लावलं की तेच होतं, फक्त पाणी वाळून जातं आणि तेल आतच राहतं. मामानं बाजार पालथा घालून एक व्हार्निश शोधलं आणि छातीठोकपणे सांगायला लागला, “रंगात केसाएवढा फरक पडणार नाही. पडला तर मला आरसा म्हणू नका.” गिऱ्हाइकं खूश होती. बाबा तेवढे काही बोलत नव्हते.

एक दिवस बोलले. शेडमध्ये मामाच्या हातातल्या दाराकडे बघत म्हणाले, “तू माझं लाकूड पिवळं करतोयस.”

मामानं डोक्यात राख घालून घेतली. “तुझं लाकूडच पिवळं असतं!” म्हणाला, डबे उचलले आणि चालता झाला. झालं. एवढ्या दोन वाक्यांवर दोन मोठ्या माणसांनी दोन वर्षं अबोला धरला. मामानं दुसरीकडे जागा बघितली, बाबांनी कामं दुसऱ्या पॉलिशवाल्याला दिली. आम्ही मायलेकींनी समजावून पाहिलं, पण दोघेही घुम्यासारखे बसायचे. लहान मुलं असती तर मी दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती.

त्याच काळात बाबांनी टेबल केलं. सुताराच्या घरात तोवर जेवायला पत्र्याचं घडीचं टेबल होतं, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. आईनं तीस वर्षं त्यावरून बाबांना टोमणे मारले. शेवटी त्यांनी मेपल आणलं. दुधी रंगाचं, शांत दिसणारं लाकूड. त्यांनी त्याला काचकागद लावला नाही, वरची फळी नुसत्या रंध्यानं साफ केली. डोळ्यांना ती सपाट दिसते, पण तळवा फिरवला तर पात्याच्या बारीक लाटा हाताला लागतात. आईला जवळ बोलावून म्हणाले, “याचा रंग बदलायला नको हं. हे असंच दिसलं पाहिजे.” मग म्हणाले, “तुझ्या भावाला निरोप दे. टेबल झालंय, ये म्हणावं.”

आई उड्या मारतच मामाकडे गेली. मामा म्हणाला, “पिवळं न करणारा कुणीतरी बघा म्हणावं.”

बाबांनी ते ऐकून घेतलं. टेबलावर जुनी चादर टाकली आणि दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी शेडमध्ये स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. मामा आला, सगळं त्यानंच केलं, पण कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. तेव्हापासून तो दर रविवारी घरी यायला लागला. चादर टाकलेल्या टेबलापासून लांबची खुर्ची धरून बसायचा.

आठ-नऊ महिने गेले आणि आईनं चादर काढली. “मला याच्यावर जेवायचंय,” ती म्हणाली. “झाकून झाकून किती दिवस ठेवू?” पण कोऱ्या लाकडावर जेवायचं म्हणजे पहिल्याच दिवशी डाग पडणार. काहीतरी लावणं भाग होतं. आणि चुकीचं लावलं तर ते लाकडात मुरणार. मग ते काढायला वरचा थर खरवडावा लागणार, आणि त्याबरोबर बाबांच्या रंध्याच्या लाटाही जाणार. म्हणजे जे काही करायचं ते एकदाच करायचं होतं.

“मीच करणार,” मामा म्हणाला. “दुसऱ्या कुणी बोट लावलं तर बघा.”

त्याला त्या दोन वाक्यांचा हिशोब मिटवायचा होता. बाबा ऐकायला नव्हते, तरीही. हे मला तेव्हाच कळलं होतं.

बाबांनी त्याच फळीचा उरलेला तुकडा जपून ठेवला होता. मामानं त्यावर चिकटपट्ट्या लावून सहा घरं पाडली. एक घर कोरं ठेवलं, बाकी पाचांत वेगवेगळं काय काय लावलं आणि तुकडा वाळायला घेऊन गेला. पुढच्या रविवारी खिडकीपाशी उजेडात धरून म्हणाला, “हे पाच नंबरचं बघा. याला काही लावलंय असं वाटतं तरी का?”

मी बघितलं. आईनं बघितलं. कोऱ्या घराशेजारी पाच नंबरचं घर लोण्याच्या गोळ्यासारखं पिवळं दिसत होतं. एक नंबर जवळजवळ कोऱ्यासारखं होतं, पण ते त्यानं नुसतंच करून बघितलं होतं. “ते पाण्यातलं पॉलिश,” तो म्हणाला, “डब्यात दुधासारखं दिसतं. त्याच्यावर माझा विश्वास नाही.”

“छान आहे, दादा,” आई म्हणाली.

मी आईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. “छान? तुला दिसत नाही का?”

“दिसतं की. हळू बोल.”

“मग?”

“मग काय? आयुष्यभर त्यानं डोळ्यांच्या भरवशावर पोट भरलं. बाबांनी एकदा सांगितलं तर काय झालं, विसरलीस? आता मी सांगू? नवरा गेला, आता भाऊही घालवू?” तिनं डोळे पुसले नाहीत, उलट भांडी जोरात आपटली. “पिवळं तर पिवळं. मी जेवीन पिवळ्यावर.”

मला संताप आला. आईचा, मामाचा, टेबल अर्धं सोडून गेलेल्या बाबांचासुद्धा. पण आई चूक आहे असं काही मला म्हणता येईना. मामानं पुढच्या रविवारी कामाला सुरुवात करायचं ठरवलं आणि तो गेला.

मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. उसवलेलं, तुटलेलं, घट्ट झालेलं, ढगळ झालेलं, सगळं माझ्याकडे येतं. त्याच आठवड्यात मामा पांढरा शर्ट घेऊन आला. वरचं बटण निघालं होतं. मी सुई शोधत होते तोवर त्यानं स्वतःच दोऱ्याचं रीळ काढून काउंटरवर ठेवलं. “हा घाल. अगदी शर्टाच्याच रंगाचा.”

ते रीळ सायीच्या रंगाचं होतं. मी चेष्टा समजून हसले. तो हसला नाही. मग मी पांढरं रीळ काढून त्याच्याशेजारी ठेवलं. “आणि हा?”

“हाही तोच. दोन दोन कशाला भरून ठेवतेस?”

मला एकदम कितीतरी गोष्टी आठवल्या. हल्ली दिवेच पिवळट मिळतात, अशी त्याची कुरकुर. आम्ही घराला पांढरा रंग काढला तेव्हा ‘बदामी छान दिसतोय’ म्हणाला होता. आम्हाला वाटलं, पांढऱ्याला नावं ठेवायची त्याची ही एक तऱ्हा. मी गोड बोलून सांगायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही.

“मामा, दोरे वेगळे आहेत. तुझे डोळे पिवळे झालेत. बाबा खरं बोलत होते.”

तो उठला. दोन्ही रिळं खिशात घातली आणि बिनबटणाच्या शर्टासकट बाहेर पडला. मी हाका मारत राहिले. दोन दिवस फोन उचलला नाही. आईला मी काही सांगितलं नाही, कारण तिनं मला घराबाहेर काढलं असतं आणि ते रास्तही झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन बाकावर बसला. रिळं काउंटरवर ठेवली. उन्हात धरून बघितली होती, दिव्याखाली बघितली होती. शेवटी शेजारच्या बाईंना विचारलं, आणि त्यांनी भाजी निवडता निवडता मान वर करून सांगितलं की हे पांढरं आणि हे मळकं. “एका सेकंदात सांगितलं गं,” मामा म्हणाला. “भाजी निवडता निवडता.”

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं इतक्या हळू पिवळं पडत जातं की आपल्याला पत्ताच लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. पॉलिश लावलेलं आणि न लावलेलं, दोन्ही त्याला सारखंच पिवळं दिसत होतं. म्हणून तो खरंच सांगत होता, केसाएवढाही फरक नाही.

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी तो आमच्या घरी येऊन भिंतीसमोर उभा राहिला. एकदा एक डोळा झाकायचा, एकदा दुसरा. “याच्यातून पांढरी,” तो म्हणाला, “आणि याच्यातून चहा सांडल्यासारखी.” मग त्यानं मेपलचा तुकडा मागितला. पाच नंबरवर अंगठा ठेवला. “हे मी लावणार होतो,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकान बंद करायला लावलं. गेल्या चार-पाच वर्षांत केलेली कामं त्याला बघायची होती. दातांच्या दवाखान्यातलं काउंटर, वाचनालयातलं लांब टेबल, एका घराच्या जिन्याचा कठडा. सगळं मधासारखं पिवळं, आणि सगळे एकजात खूश. दातांचे डॉक्टर म्हणाले, “काय टिकलंय हो तुमचं काम!” मामानं फुकट परत करून देतो म्हटलं तर ते हसायला लागले. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, “उबदार वाटतं, असू दे.” जिन्यावर मात्र मामा खाली बसला. तो जिना बाबांनी केला होता.

“सगळ्यांना चाललं,” तो कठड्यावर हात फिरवत म्हणाला. “त्याला एकट्याला नाही चाललं. आणि मी त्यालाच सोडून गेलो.”

मामा रडताना मी पहिल्यांदा बघितला. मला सांत्वन करता येत नाही. मी शेजारी बसले आणि त्याच्या शर्टाचं ते बटण अजून लावायचं राहिलंय असं सांगितलं.

दुसरा डोळाही झाला. मग तो नव्या उमेदीनं कामाला लागला आणि ज्याच्यावर विश्वास नव्हता ते पाण्यातलं पॉलिश घेऊन आला. तुकड्याची मागची बाजू घासून परत घरं पाडली. नुसतं पाण्यातलं पॉलिशसुद्धा लाकूड जरासं ओलसर दाखवतं, हे आता त्याला दिसत होतं. म्हणून त्यानं वाटीभर पॉलिशमध्ये पांढऱ्या रंगाचा एक थेंब टाकून बघितला, मग दोन, मग तीन. तीन थेंबांनी लाकूड पीठ लागल्यासारखं दिसलं. एकानं थोडी ओल राहिली. दोन थेंबांचं घर आणि शेजारचं कोरं घर यांच्यामधली रेघ शोधावी लागत होती. कोरं कोणतं विचारलं तर आईनं बोट ठेवलं ते बरोबर दोन थेंबांच्या घरावर.

“गंमत आहे,” मामा म्हणाला. “काही लावलं नाही असं दिसायला एवढी खटपट.”

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहिलं. मी समजत होते की जपायचं म्हणजे हात लावायचा नाही. आई चादर तशीच ठेवून तेच करत होती, आणि मामाला काही न सांगून पुन्हा तेच. पण नुसतं ठेवून दिलेलं लाकूडही उजेडानं बदलतंच की.

रविवारी सकाळी आम्ही जमिनीवर दोन गोधड्या अंथरल्या आणि तिघांनी मिळून टेबल उलटं केलं. मामाच्या हातात सवयीनं काचकागद होता. तो पुढे वाकला आणि तसाच राहिला.

पोटाच्या बरोबर मधोमध बाबांचं जाड, तिरपं अक्षर होतं.

‘दुसऱ्या कुणाला देत नाही. आधी डोळे दाखव. मी थांबतो.’

आईनं ते मोठ्यानं वाचलं. टेबल झालंय, ये म्हणावं. ती तो निरोप घेऊन गेली होती. मामा आला असता तर त्यानं पहिलं काम टेबल उलटं करायचंच केलं असतं, हे बाबांना पक्कं माहीत होतं. समोरासमोर सांगितलं तर पुन्हा भांडण होईल, म्हणून तीस वर्षं जिथं सांगत आले तिथंच सांगून ठेवलं होतं.

“त्याला कळलं होतं,” मामा म्हणाला. “मला कळायच्या आधी.” त्याचा काचकागदाचा हात अक्षरांपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. मग त्यानं काचकागद बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, “दाजींची पेन्सिल कुठंय?”

ती खिडकीत डब्यात होती. चपटी, दातांनी चावलेली. मी आणून दिली. मामा गुडघ्यांवर बसला आणि बाबांच्या ओळीखाली, तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यानं उत्तर लिहिलं.

‘दाखवले. उशीर झाला.’

“पुरे आता, दादा,” आई म्हणाली. “लाव.”

त्यानं मऊ फडकं पॉलिशमध्ये बुडवलं, पिळलं आणि पेन्सिल फरफटू नये म्हणून त्या दोन ओळींवर नुसतं हलकंच टेकवत गेला. पॉलिश वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. अक्षरं होती तशीच दिसत होती.